दोन इंचांत सात गुंठे

एका गुंठ्यात किती बार्न बसतात, हे गणित चुटकीसरशी सांगते. बार्न हे अणुशास्त्रज्ञांचे क्षेत्रफळाचे माप. एका चौरस मीटरचे एकावर अठ्ठावीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे बार्न. १९४२ साली अमेरिकेत अणुबाँबच्या कामावर असलेल्या दोघा शास्त्रज्ञांनी अणुकेंद्रकाचा पसारा सांगायला हे माप काढले आणि गमतीने त्याला नाव दिले ते शेतावरच्या कोठाराचे. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१.१७१४१०५६ चौरस मीटर. त्याचे चौरस मायक्रॉन केले तर एकशे एक लाख कोटींच्या वर जातात, आणि बार्न केले तर एकावर तीस शून्यांच्या थोडे पुढे. या आकड्यांत चूक काढता येणार नाही. तरी पेणच्या खारेपाटातल्या किंवा चौलच्या आगरातल्या कोणत्याही एका गुंठ्याबद्दल हे आकडे काहीच सांगत नाहीत. गुणक बिनचूक असतो, मूळ माप तसे नसते. रेवस-मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर गेल्या साडेतीनशे वर्षांत जमिनीचा हिशेब काठी-बिघ्यातून साखळी-गुंठ्यात आणि तिथून हेक्टर-आरमध्ये गेला. प्रत्येक वेळी कागदावरचे आकडे अधिक बारीक झाले. ही बारकाई पुष्कळदा मोजणीतून आलेली नसून नुसत्या रूपांतरातून आलेली आहे, आणि जुन्या मापात असलेली कामाची माहिती त्याच वाटेवर गळून गेली आहे, असे माझे म्हणणे आहे.

परमाणूपासून शेतापर्यंतची शिडी आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत तिचा खालचा भाग मांडला. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात दिसणारा बारीकात बारीक कण तो परमाणू. त्याच्यापुढे रज, केसाचे टोक, लीख, ऊ, जव आणि अंगूळ, प्रत्येक पायरी आधीच्या आठपट. म्हणजे एका अंगुळात २,६२,१४४ परमाणू. चोवीस अंगुळांचा हात दीड फुटाचा धरला, तर हा परमाणू मायक्रॉनच्या चौदाव्या भागाच्या आसपास येतो. शिडीचा वरचा भाग भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे इ. स. ११५० च्या ग्रंथात आहे: दहा हातांचा एक वंश, आणि वीस-वीस वंशांच्या चार बाजूंनी बांधलेले क्षेत्र ते निवर्तन. निवर्तन त्याहून कितीतरी जुने; नाशिकच्या लेण्यातल्या सातवाहनांच्या दानलेखात दोनशे निवर्तने जमीन दिल्याची नोंद आहे. दोन्ही भाग जोडले, तर निवर्तनाची एक बाजू सव्वाशे कोटी परमाणूंची भरते. पण कोणी ती तशी भरवली नाही. वराहमिहिराला परमाणू हवा होता मूर्तीची प्रमाणे सांगण्यासाठी, आणि भास्कराचार्य तर जवाच्या खाली उतरतच नाहीत. शेत मोजणाऱ्याला जवाखालच्या पायऱ्यांचा उपयोग नाही, हे त्या काळच्या गणित्याला ठाऊक होते. आजच्या गणकयंत्राला ते ठाऊक नसते, एवढाच फरक.

वीस वंश औरसचौरस ही निवर्तनाची घडण शिवकाळातल्या बिघ्यात जशीच्या तशी उतरलेली दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांच्या जमीनमोजणीचे कोष्टक दिले आहे. पाच हात पाच मुठींची काठी, हात चौदा तसूंचा, हात आणि मुठी मिळून काठी ब्याऐंशी तसूंची. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा, आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर. बिघ्याचा विसावा हिस्सा पांड. हिशेब चोख आहे. तसूपर्यंत उतरून त्याने हाताच्या लांबीचा वाद मिटवल्यासारखे वाटते. मग तसू केवढा? हात अठरा इंचांचा धरून चौदाने भागले, तर काठी साधारण १०५ इंचांची होते, बिघ्याची बाजू पावणेदोनशे फुटांच्या थोडी वर जाते आणि बिघा भरतो २८ गुंठ्यांचा. हात वीस इंचांचा धरला, तर तोच बिघा ३५ गुंठ्यांवर जातो. हातात दोन इंचांचा फरक, म्हणजे अकरा टक्क्यांचा. क्षेत्रफळात तो लांबीकडून एकदा आणि रुंदीकडून एकदा शिरतो, आणि तेवीस टक्के होऊन बाहेर पडतो. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या या दोन इंचांत सात गुंठे जमीन मावते. तेव्हा ‘एक बिघा म्हणजे इतके गुंठे’ असे ठोक उत्तर देणाऱ्या कोष्टकाने आधी एक हात निवडलेला असतो आणि कोणता निवडला ते सांगितलेले नसते.

यावर कोणी म्हणेल की काठी एकदा ठरली की राज्यभर तीच चालली असणार. इंचात ती केवढी, हा प्रश्न आजच्या अभ्यासकाचा, तेव्हाच्या कुळाचा नव्हे. राज्य एकसंध असते तर हे मान्य करता आले असते. हा किनारा तसा नव्हता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रेवदंडा आणि कोर्लई पोर्तुगीजांकडे, मुरुड-जंजिरा सिद्दीकडे, आणि मधला मुलूख शिवाजी महाराजांकडे. पुढे कुलाब्याला आंग्र्यांची सत्ता आली. चार-पाच कोसांच्या टापूत तीन सरकारांची दप्तरे, आणि तीनही ठिकाणचा कारभार मोजलेल्या जमिनीपेक्षा मापलेल्या भातावर अधिक चाले. उत्तर कोकणात हुंडाबंदी आणि टोकाबंदी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत जमीन मोजलीच जात नसे. एवढ्या तुकड्याला, म्हणजे टोक्याला, ठोक एवढे भात, असा आकार बसलेला असे. पोर्तुगीज मुलखात खंड भाताच्या मुड्यांत ठरे. गावकऱ्याच्या बोलण्यातही शेताची ओळख खंडी-मणानेच होई: अमुक शेत खंडीचे, तमुक दहा मणांचे. वीस मणांची खंडी हे धान्याचे माप इथे जमिनीचेही माप होऊन बसले होते.

या रिवाजाला मागासलेपणाचे लेबल लावणे सोपे आहे, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी ते सढळ हाताने लावले. पण इथली जमीन पाहा. एकाच गावात डोंगरउतारावरचे वरकस असते, जिथे दोन-चार वर्षे नाचणी-वरी काढून जमीन पडीक टाकावी लागे. पायथ्याशी गोड्या पाण्याचे भातशेत असते. समुद्राकडे नारळी-पोफळीची वाडी, आणि खाडीकडे खाजणाला बांध घालून उठवलेली खारी जमीन. या चारही ठिकाणच्या गुंठ्यांची लांबी-रुंदी सारखी भरेल, पण कुटुंबाच्या पोटाला त्यांचा हिशेब एक नाही. खंडीच्या शेताने नेमकी हीच गोष्ट सांगितली जाई. पेण-अलिबागकडच्या शिलोत्री पद्धतीत तर बिघ्याला आणखी एक जबाबदारी चिकटलेली होती. खाजण उठवणारा तो शिलोत्रीदार. बाहेरचा बांध राखण्याबद्दल तो बिघ्यामागे मणभर भात घेई, त्याला शिलोत्री मण म्हणत. बांधाला खांड गेली, उघाडीतून भरतीचे पाणी आत शिरले, तर दोन-तीन पावसाळे तरी त्या बिघ्याचे मोल उतरलेले असे. म्हणजे तिथला बिघा हे क्षेत्रफळ होतेच, शिवाय बांधाशी केलेला करारही होता. साखळीने तो मोजला की क्षेत्रफळ हाती येते, करार येत नाही.

खंडीच्या मापाचा मोठा दोष मात्र झाकून चालणार नाही. धान्य मापणारा कोण, यावर सगळे ठरे. पायली शीग लावून भरायची की सपाट, वाळलेले भात मोजायचे की ओलसर, उभ्या पिकाचा अंदाज खोताने करायचा की पंचांनी? मापात जमिनीचा कस आला खरा, पण मापणाऱ्याची मर्जीही आली. साखळी-गुंठ्याचा खरा दावा इथेच उभा राहतो, आणि तो दुबळा नाही. दगडाच्या खुणांमध्ये ताणलेली साखळी खोताला आणि कुळाला एकच लांबी दाखवते.

आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. त्याच्या चार वर्षे आधी, १८३६ मध्ये, गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापुरात नवी जमाबंदी सुरू केली होती. तिची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली आणि पुढच्या दशकांत ती कोकणात उतरली. १८६९ मध्ये कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा त्याच्या दप्तरात सर्व्हे नंबर, टिपण आणि आकारबंद येऊ लागले होते. मोजणीचे हत्यार होते शंकू साखळी. लांबी ३३ फूट, तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी औरसचौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि गुंठ्याचा सोळावा हिस्सा पुन्हा आणाच. मोजणीदार शेतात कर्ण टाकून दोन्ही अंगांना लंब काढी, टिपणावर आकडे लिही, आणि कचेरीत गुणाकार बुकात त्या आकड्यांचे एकर-गुंठे-आणे होत. या पुस्तकाचे नाव मला फार प्रामाणिक वाटते. शेतात लांबी मोजली जाते. क्षेत्रफळ मोजले जात नाही, ते कचेरीत गुणाकाराने काढले जाते.

ही साखळी किती विश्वासाची होती? लोखंडी कड्यांची साखळी उन्हात लांबते. जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत लोखंडाच्या तापमानात वीस अंशांचा फरक पडला, तर ३३ फुटांत जवळपास अडीच मिलिमीटर वाढ होते आणि गुंठ्यात सुमारे अर्धा चौरस फूट इकडेतिकडे होतो. ही सर्वांत सौम्य चूक. कडी झिजून साखळी एक इंच लांबली असेल, तर गुंठ्यामागे अर्ध्या चौरस मीटरची आणि एकरामागे वीस चौरस मीटरची तूट कागदावर पडते. खारेपाटातल्या चिखलात ओढलेल्या, बांधावरून खालीवर होणाऱ्या साखळीबद्दल एक इंच हा अंदाज कठोर म्हणता येणार नाही. मोजणीदारांना हे कळत नव्हते असे नाही. म्हणूनच त्यांनी गुंठ्याच्या सोळाव्या हिश्श्यापाशी हात आखडता घेतला. आणा म्हणजे ६८ चौरस फूट. साधनाला जेवढे दिसत होते, तेवढेच माप त्यांनी लिहिले. दुसरे असे की निव्वळ क्षेत्रफळाने आकार बसवता येत नाही, हे त्यांनाही मान्य करावे लागले. जमिनीचा थर, पाण्याची सोय, असे पाहून प्रत्येक नंबराची आण्यांत प्रत लावली गेली. सोळा आणे म्हणजे उत्तम, बाकी सगळे त्याखाली. खंडीच्या शेतात एका शब्दात असलेली गोष्ट नव्या पद्धतीला दुसऱ्या रकान्यात परत आणावी लागली.

नव्या मापाने कुळाचे संरक्षण झाले, हा या पद्धतीच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. सरकार आणि खातेदार यांच्यापुरता तो खरा आहे. सरकारी आकाराची मनमानी कमी झाली. पण खोत आणि कूळ यांच्यामध्ये गुंठा शिरलाच नाही. सर्व्हे होऊन दोन पिढ्या उलटल्या तरी मक्ता भातातच मोजला जात होता. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप याचा पुरावा आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचे नाकारले, आणि तो संप सुमारे सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. संप पुकारणाऱ्यांच्या जमिनीचे क्षेत्र गुणाकार बुकात आण्यापर्यंत लिहिलेले होते. त्यांचे भांडण त्या आकड्याशी नव्हते. खळ्यावर भात कोण किती उचलतो, याच्याशी होते. मापाची बारकाई आणि न्याय या दोन गोष्टी एकाच साखळीच्या दोन टोकांना असतात, असे मानणाऱ्याने चरीचा इतिहास वाचावा.

१९५६ च्या वजने-मापे कायद्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि पुढे सात-बाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे आकडे आले. सूक्ष्मतेचा भास खऱ्या अर्थाने सुरू होतो तो इथे. साखळीच्या मोजणीतला १ गुंठा गुणकाने बदलला की १ आर १.१७ चौरस मीटर होतो. ज्या शेताची लांबी-रुंदी मोजताना सहा चौरस मीटरचा आणा हीच शेवटची पायरी होती, त्याच शेताला, पुन्हा न मोजता, एक चौरस मीटरचा रकाना मिळाला. शेत तेच, टिपण तेच, आकडा मात्र सहापट बारीक. उलट बाजूने व्यवहारात गुंठा आणि आर एकच समजण्याची सवय लागली, आणि त्यात एकरामागे जवळजवळ ४७ चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याच्या आसपास जमीन बोलण्यातच नाहीशी होते. याहून खोल गेलात तर गंमत वाढते. भारतीय सर्वेक्षणाचा फूट आणि १९५९ मध्ये ठरलेला आंतरराष्ट्रीय फूट यांत सातव्या दशांश स्थळी फरक आहे. कोणता फूट घ्यायचा एवढ्यावरून गुंठ्यात सुमारे तीन चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे तीस कोटींहून अधिक चौरस मायक्रॉनांचा फरक पडतो. चौरस मायक्रॉनात गुंठा सांगणाऱ्याला आधी फूट कोणता ते सांगावे लागेल. आणि सांगितले तरी शेतातल्या दगडाची जाडी त्याच्या सगळ्या अंकांना गिळून बसेल.

खरी सूक्ष्मता कशी मिळवावी लागते, याचे उदाहरण अलिबाग तालुक्यातच आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमापे बिघडणार, म्हणून मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेचे ते काम १९०४ मध्ये समुद्र ओलांडून अलिबागेस आणले गेले. आकडे बारीक हवे होते, म्हणून साधनाची जागाच बदलली. जमिनीच्या दप्तरात साधन होते तसे राहिले आणि फक्त रकाना वाढला.

आता आजच्या वाचकाचा आक्षेप. अलिबाग, किहीम, नागावकडे जमीन गुंठ्याच्या भावाने विकली जाते, तिथे एक चौरस मीटरलाही किंमत आहे. मग दशांशांची चेष्टा कशाला? शिवाय उपग्रहाशी जोडलेली रोव्हर यंत्रे आली आहेत, ती सेंटिमीटरभर अचूकतेने कोपरा दाखवतात. हे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. उलट त्यांनी माझे म्हणणे बळकटच होते, कारण रोव्हरने केलेली मोजणी ही मोजणी आहे, रूपांतर नव्हे. नवी मोजणी आणि सात-बाऱ्याचा आकडा जुळत नाही तेव्हा कोणीतरी बांध कोरला, असा पहिला संशय येतो. अनेकदा कोणी काही कोरलेले नसते. दीडशे वर्षांपूर्वीच्या साखळीची चूक गुणकातून जशीच्या तशी पुढे आलेली असते. आणि खाडीकाठी तर सेंटिमीटरही कामाचा नाही. बांध फुटून भरतीचे पाणी आत आले, कांदळवन उभे राहिले, तरी सात-बाऱ्यावर हेक्टर-आर तसेच राहतात. तिथे उपग्रहाला शेताचा कोपरा सापडतो, शेत सापडत नाही. खारभूमी राखण्यासाठी १९४८ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये स्वतंत्र कायदे करावे लागले, कारण बाहेरच्या बांधाची जबाबदारी बिघ्यातून सुटली होती आणि गुंठ्यात तिला जागाच नव्हती.

म्हणून दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. आंगरेकालीन किंवा पेशवेकालीन कागद छापणाऱ्या संपादकांनी बिघे-पांडांचे गुंठे करून मूळ आकडा पुसू नये. बिघा बिघाच ठेवावा, काठीचा उल्लेख असेल तर तो शेजारी द्यावा, आणि गुंठे द्यायचेच तर एकच आकडा न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन द्यावेत. आणि ज्यांच्या घरात वाटणीचा किंवा विक्रीचा विषय निघाला आहे त्यांनी सात-बाऱ्यावरच्या चौरस मीटरवर पैज लावण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण आणि गुणाकार बुकाची नक्कल काढून, क्षेत्र प्रत्यक्ष मोजलेले आहे की नुसते बदललेले आहे, ते तपासून घ्यावे.